रॅननक्युलस, रूळ आणि आई

(मंडळाच्या २०२४ च्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी ‘आपला छंद’ या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, अहो, मी डिप्लोमावाला माणूस. रुळावर, गिट्टीवर आणि वेल्डिंगवर कितीही बोलेन, पण गणपतीसमोर हे कोण ऐकणार? ते म्हणाले, ‘रुळावर नको, तुमच्या त्या फुलांवर बोला. फेब्रुवारीत तुमच्या क्वार्टरपुढे थांबून सगळे विचारतात, हे गुलाब का? त्यांना एकदाच काय ते सांगून टाका.’ म्हणून मी उभा आहे. आई समोर पहिल्या रांगेत बसली आहे. त्यामुळे एकही गोष्ट वाढवून सांगता येणार नाही, एवढी खात्री बाळगावी.

तर ते गुलाब नव्हेत. त्या फुलाचे नाव रॅननक्युलस. पूर्ण शास्त्रीय नाव रॅननक्युलस एशियाटिकस. लॅटिन भाषेत ‘राना’ म्हणजे बेडूक, आणि रॅननक्युलस म्हणजे छोटा बेडूक. या जातीच्या बऱ्याच वनस्पती ओल्या, दलदलीच्या जागी वाढतात, म्हणून हे नाव पडले. गंमत अशी की आपण बागेत लावतो त्या रॅननक्युलसला मात्र मुळाशी पाणी साचलेले अजिबात चालत नाही. नावावर विश्वास ठेवून मी कसा फसलो ते पुढे सांगतो.

हे झाड मूळचे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या बाजूला ते रानात उगवते. हिवाळ्यातील पावसावर वाढायचे, वसंतात फुलायचे आणि उन्हाळा लागला की वरचा सगळा पाला वाळवून जमिनीखाली झोपून जायचे, असा त्याचा क्रम. तुर्कांच्या बागांत त्याला मोठा मान होता. सोळाव्या शतकात ते युरोपात गेले आणि अठराव्या शतकात तिथल्या हौशी मंडळींनी त्याच्या शेकडो जाती तयार केल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे सुमारे ५० एकरांवर याची शेती आहे. लूथर गेज नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात तिथे त्याची सुरुवात केली. मार्च ते मे या काळात तिथे डोंगरउतारावर रंगांचे पट्टे ओढल्यासारखे दिसतात.

फूल कसे असते, तर अगदी पातळ, पतंगाच्या कागदासारख्या पाकळ्या एकावर एक बसवलेल्या. पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, लाल असे रंग मिळतात. निळा मिळत नाही. वास जवळजवळ नाहीच. पाने गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पानांची आठवण करून देणारी, कातरलेली.

आता आपल्या माणसांना वाटेल की हे परदेशी प्रकरण, आपला काय संबंध? पण या झाडाचे गोत्र मोठे आहे. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या शेवटी कुंपणावर पांढरी फुले घेऊन चढणारी मोरवेल याच कुळातली. जुन्नर-नाशिककडच्या डोंगरात फुलणारी निळवंती याच कुळातली. आयुर्वेदातला बचनाग याच कुळातला, आणि लोणच्यात पडणारी कलौंजीसुद्धा. इथे गोमतीच्या काठाला हिवाळ्यात जलधनिया नावाचे बारीक पिवळ्या फुलांचे तण येते, तो तर याचा सख्खा चुलतभाऊ. बचनागाचे नाव घेतले तेव्हा काही जण सावध झाले असतील. बरोबर आहे. रॅननक्युलसही खाण्याचे झाड नव्हे. ओल्या पानांचा आणि देठांचा रस लागला तर नाजूक त्वचेला खाज सुटते. घरात लहान मूल असेल किंवा दारात गाय येत असेल तर काळजी घ्यावी. फुले तोडल्यावर हात धुवावेत, एवढे पुरे.

पहिला हिवाळा

२०२० च्या ऑक्टोबरात मी एका दुकानातून २० कंद आणले. रॅननक्युलसचा सुका कंद म्हणजे बोटाच्या पेराएवढा, खाली पाच-सात नख्या असलेला तपकिरी तुकडा. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, ही सुंठ इतकी बारीक का आणलीत?’

नाव बेडकाचे, तेव्हा पाणी आवडत असणार असे मी धरून चाललो. कंद रात्रभर भिजवले. दुसरा दिवसही भिजत राहिले, कारण मी लाईनवर होतो. मग क्वार्टरपुढच्या चिकण मातीत पुरले आणि रोज सकाळी न चुकता बादलीभर पाणी घातले. महिन्याभरात तीन कोंब आले आणि तेही पिवळे पडून बसले. आमचा एक जुना ट्रॅकमन काही कामासाठी घरी आला होता. तो वाफ्याकडे बघून म्हणाला, ‘साहब, यहाँ तो फॉर्मेशन में पानी रुका है.’

मी उकरून पाहिले. सगळे कंद सडून पिठासारखे झालेले आणि वास असा की हात तीनदा धुवावे लागले.

माझ्या सहकाऱ्यांना यातली शरम वेगळी सांगायला नको. वीस वर्षे मी माझ्या माणसांना एकच गोष्ट शिकवत आलो, की रुळाचा पहिला शत्रू पाणी. गिट्टी कशासाठी? भार पसरायला आणि पाणी वाहून जायला. गिट्टीत माती भरली, पाणी अडले की खालून चिखल वर येतो आणि रूळ दबतो. हे सगळे पाठ असलेल्या माणसाने घरच्या वाफ्याला उतार दिला नाही, नाली काढली नाही. बाहेर इंजिनिअर आणि घरी नुसता नवरा, दुसरे काय!

दुसरा हिवाळा

२०२१ च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. घरची हळदीची शेती. फोन आला तेव्हा इकडे मुसळधार पाऊस चालू होता आणि मी मान्सून पेट्रोलिंगच्या बंदोबस्तात होतो. निघालो, पण पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. यात दोष कोणाचाच नाही. पण आईच्या मनात ते राहिले. ती बोलली काही नाही. दिवाळीनंतर मी तिला इकडे घेऊन आलो, तेव्हाही रेल्वेत चोवीस तास ती खिडकीबाहेर बघत होती. इथे आल्यावर हिंदी येत नाही, थंडी सोसत नाही, ओळखीचे कोणी नाही. आठ दिवसांत म्हणाली, ‘माझं परतीचं तिकीट काढून ठेव.’ मी २० फेब्रुवारीचे पुष्पकचे तिकीट काढून दिले. तिने ते उशाखाली ठेवले.

त्याच आठवड्यात मी नवे ४० कंद लावत होतो. आई व्हरांड्यात बसून बघत होती. म्हणाली, ‘वाळलेल्या खेकड्याचे पाय कशाला पुरतोस?’ मी म्हणालो, कंद आहे. तिने एक हातात घेतला, नखाने टोकरला, दाबून पाहिला आणि म्हणाली, ‘मेलेला नाही. बेणं हाय.’ हळदीच्या घरातली बाई, तिला बेणे कळते. आल्यापासून ती आपणहून बोललेले हे पहिले वाक्य होते.

या वेळी मी कामाची पद्धत बदलली. ती क्रमाने सांगतो, ज्यांना हवी त्यांनी लिहून घ्यावी.

एक. वाफा जमिनीपासून सहा इंच उंच करावा, मध्ये थोडा फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतार असलेला. कडेने नाली काढावी. बाग नसेल तर दहा इंची कुंडीत तीन-चार कंद मावतात. कुंडीचे भोक मोकळे हवे आणि त्यावर विटेचे तुकडे.

दोन. माती दोन भाग, मौरंग एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग. ताजे शेण मुळीच घालू नये. मौरंग इथे कोणत्याही बांधकामावर पाटीभर मिळते.

तीन. कंद फक्त तीन-चार तास साध्या पाण्यात भिजवावेत, मध्ये एकदा पाणी बदलावे. फुगून जवळपास दुप्पट झाले की बाहेर काढावेत. माझ्यासारखे विसरून लाईनवर जाऊ नये.

चार. मग ओलसर वाळूत थंड, सावलीच्या जागी दहा-बारा दिवस ठेवावेत. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये. पांढरी मुळे दिसली की लावावेत. जो नरम पडला किंवा ज्याला बुरशी आली तो फेकून द्यावा.

पाच. लावताना नख्या खाली. दोन इंच खोल आणि दोन कंदांत सहा इंच अंतर. एकदा भरपूर पाणी द्यावे, नंतर कोंब वर येईपर्यंत हात आवरावा. पुढेही वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी नको.

सहा. वेळ. दिवसा ऊन सौम्य आणि रात्री गार हवी. लखनौत कोजागिरी झाली की भिजवावेत आणि दिवाळीच्या सुमारास वाफ्यात लावावेत. घाई केली तर ऑक्टोबरची उष्णता कंद कुजवते, आणि फार उशीर केला तर फुले यायच्या आत मार्चचे ऊन गाठते. लावल्यापासून साधारण ९० दिवसांनी फूल येते.

सात. रोज पाच-सहा तास ऊन हवे. कळ्या दिसू लागल्या की कोवळ्या देठांवर मावा येतो. मी साबणाच्या पातळ पाण्याची फवारणी करतो, तेवढ्याने भागते. धुक्याच्या दिवसांत पानांवर भुरी येते, म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशीच द्यावे, पाने भिजवू नयेत.

पाला

आता जानेवारी २०२२ ची गोष्ट. रेल्वेवाल्यांना माहीतच आहे, पण इतरांसाठी सांगतो. थंडीत लोखंड आखडते. लांबच लांब वेल्ड केलेला रूळ आखडू पाहतो, पण त्याला जागा नसते, म्हणून तो ताणला जातो आणि एखादा कच्चा जोड रात्रीच्या गारठ्यात तुटतो. म्हणून हिवाळ्यात रात्रभर आमची माणसे रुळावरून पायी गस्त घालतात. धुके एवढे असते की हातातल्या बत्तीचा उजेड पुढच्या चार स्लीपरांपलीकडे जात नाही. जी थंडी रॅननक्युलसला मानवते, तीच आम्हाला झोपू देत नाही.

त्या रात्री दोनच्या सुमारास फोन आला, की गस्तीच्या माणसाला एक वेल्ड तुटलेला दिसला. त्याने लाईन अडवून ठेवली होती. मी गेलो. जोडावर फिशप्लेट आवळून, क्लॅम्प लावून गाड्या हळूहळू काढल्या. पुढची व्यवस्था लावून घरी यायला सकाळचे नऊ वाजले.

बघतो तर माझ्या वाफ्यावर चार गोणपाटे, एक जुनी चादर आणि सौभाग्यवतींची शाल पसरलेली, आणि आई बाजूला खुर्ची टाकून बसलेली. मी विचारले, हे काय? म्हणाली, ‘शेजारच्या बाई काल सांगत होत्या, रात्री पाला पडणार आहे.’

मंडळी, हिंदीत ‘पाला’ म्हणजे दहिवर. शेजारच्या भाभी म्हणाल्या होत्या, ‘माताजी, आज रात पाला पड़ेगा.’ आईला समजले की झाडांचा पाला गळून पडणार! म्हणून तिने घरातले हाताला लागेल ते आणून पांघरले. अर्थ चुकला, पण काम बरोबर झाले. थोडे दहिवर हे झाड सहज सोसते, मात्र जास्त पडले तर कोवळ्या कळ्या काळ्या पडतात.

मी हसलो. ती हसली नाही. माझ्या बुटांना चिखल होता, हातमोज्याला ग्रीस होते. ती म्हणाली, ‘तू असाच जातोस काय रोज?’ मी म्हणालो, रोज नाही, पण थंडीत आणि पावसात फोन आला की जावे लागते. ‘पावसातपण?’ मी म्हणालो, पावसातपण. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या दिवशीपण असाच असशील.’ मी हो म्हणालो. ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात बोलणे झाले नाही. गरजही पडली नाही.

तिकीट

पहिले फूल १६ फेब्रुवारीला उमलले. पाकिटावर लाल लिहिले होते, निघाले पिवळे. आईने मोजले तर मागे आणखी ३१ कळ्या होत्या. ती म्हणाली, ‘एवढ्या उमलू देत, मग जाते.’ तिकीट रद्द केले.

फुले मार्चच्या मध्यापर्यंत चालली. फुलदाणीसाठी तोडायची असतील तर कळीला रंग चढून ती बोटांना मऊ लागली की सकाळीच तोडावी. पाणी रोज बदलले तर आठवडाभर टिकते. वाळलेली फुले लगेच काढली तर नव्या कळ्यांना जोर मिळतो.

मार्चअखेर फुले संपली. साहेबांची तपासणी व्हायची होती, क्वार्टरपुढे नीटनेटके दिसावे म्हणून मी विळा घेऊन हिरवा पाला कापायला बसलो. आई आतून धावत आली. ‘अरे, काय करतोस? पाला पिवळा झाल्याबिगर कंद भरत नसतो. हळदीचा पाला हिरवा कापलेला कधी बघितलास का तू?’ खरे होते. पानांनी वर कमावलेले खाली कंदात जाते. ते जाऊ न देता पाला कापला तर पुढच्या वर्षासाठी पोकळ नख्याच उरतात. विळा ठेवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पिवळा पाला पाहिला आणि फक्त विचारले, कशाचा आहे? मी सांगितले. त्यांनी पुढच्या वर्षी चार कंद मागितले.

‘आता कंद काढल्याशिवाय कशी जाऊ?’ असे म्हणून दुसरे तिकीटही रद्द झाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाला पूर्ण वाळला. पाणी आधीच बंद केले होते. आईने खुरप्याने कंद काढले, माती झटकली, सावलीत आठ दिवस वाळवले. नरम, फुटके बाजूला काढले. एकेका कंदाला दोन-तीन पोरे चिकटलेली होती, ती हलक्या हाताने सुटी केली. मग कोरड्या वाळूत मिसळून सुती पिशव्यांत भरले आणि खोलीत वाऱ्यावर टांगले. लाल फुलाच्या पिशवीला लाल दोरा, पिवळ्याच्या पिशवीला पिवळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, घाम सुटून बुरशी येते. ४० मधून धडधाकट असे ६० च्या वर तुकडे मिळाले. काही अगदी लहान होते, त्यांनी पुढच्या वर्षी नुसती पाने दिली. दर वर्षी काही सडतात, काही किडतात. तेवढे धरूनच चालावे लागते.

मे महिन्यात आई गावी गेली. जाताना म्हणाली, ‘नवरात्राच्या आत येते, तोवर पिशव्यांना हात लावू नकोस.’ तेव्हापासून हाच क्रम आहे. उन्हाळ्यात ती गावचे घर उघडून शेताकडे बघते आणि दसऱ्याच्या आधी इकडे हजर होते. या वर्षी मात्र गणपतीसाठी लवकर आली आहे. शेजारच्या भाभींशी आता तिची जी भाषा चालते ती हिंदीही नाही आणि मराठीही नाही, पण दोघींचे कुठे अडत नाही. लावणी थोडी लवकर करू लागल्यापासून कधी कधी माघी गणेश जयंतीला पहिले फूल हाती येते. आले तर बाप्पाला, नाही तर मागून येईल तेव्हा, असा आईचा हिशेब आहे.

आमच्या नोकरीत बदली कधी येईल सांगता येत नाही. सरकारी क्वार्टरची बाग आपण लावायची आणि पुढच्याने बघायची, हा नियमच आहे. गुलाब, पेरू उपटून नेता येत नाही. पण रॅननक्युलसचे सगळे बिऱ्हाड एका पिशवीत मावते, आणि उन्हाळ्यात झोपलेले असताना त्याला आपण कोणत्या डिव्हिजनला आलो हेही कळत नाही. फक्त तिथे दोन-अडीच महिने बऱ्यापैकी थंडी हवी.

शेवटी कामाचे. मंडपाच्या डाव्या बाजूला प्रसादाच्या टेबलाशेजारी कागदी पुड्या ठेवल्या आहेत. एकेका पुडीत पाच कंद आहेत. पुड्या आईने बांधल्या आहेत, दोऱ्याचा रंग तोच फुलाचा रंग. घरटी एक घ्यावी. आज घरी नेऊन कोरड्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये किंवा डब्यात नको. कोजागिरीनंतर भिजवा, तेही तीनच तास. लहान मुलांना नख्या वर की खाली असा प्रश्न पडला तर सांगा, खेकडा जसा जमिनीवर उभा राहतो तसा. आणि एप्रिलमध्ये पाला पिवळा होईपर्यंत कापू नका. कापलात तर आईला कळवण्यात येईल.

माझे बोलणे थोडे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. 

गणपती बाप्पा मोरया!